दुर्मीळ स्थानिक वनस्पती टिश्यू कल्चरने वाचवायच्या तर: पहिल्या पायरीपासून

टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून निर्जंतुक बाटलीत रोपं वाढवणं, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे केळीची रोपं येतात. एका निवडक झाडापासून काढलेली, एका उंचीची, एकाच सुमारास घड टाकणारी हजारो रोपं. शेतीला हा सारखेपणा हवाच असतो. रानातली एखादी वनस्पती वाचवायची असते तेव्हा मात्र हाच सारखेपणा घात करतो. बाटल्या त्याच, रसायनंही बहुतेक तीच, पण निर्णय जवळजवळ प्रत्येक पायरीवर वेगळे घ्यावे लागतात. व्यापारी प्रयोगशाळेत हात तयार झालेली माणसंही इथे अडखळतात ती त्यामुळे.

ज्यांना वनस्पतिशास्त्राची थोडी ओळख आहे, पण टिश्यू कल्चरची बाटली ज्यांनी अजून हातात घेतलेली नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. रोपवाटिका चालवणारे, वनस्पती उद्यानात काम करणारे, विद्यार्थी, हौशी अभ्यासक, कोणीही यात उतरू शकतं.

तंत्रामागचं तत्त्व थोडक्यात असं. वनस्पतीच्या जिवंत पेशीत अख्खं रोप घडवण्याची क्षमता असते. ऑस्ट्रियाच्या गॉटलिब हाबरलांट यांनी १९०२ साली ही कल्पना मांडली. त्यांच्या पेशी काही काळ जगल्या, पण विभागल्या नाहीत. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी दाखवून दिलं की सायटोकायनिन आणि ऑक्झिन या दोन संप्रेरक गटांचं प्रमाण बदललं की तीच ऊती कधी कोंब काढते, कधी मुळं, तर कधी नुसता कॅलसचा, म्हणजे आकार नसलेल्या पेशींचा, गोळा होऊन वाढते. सायटोकायनिन जास्त तर कोंब, ऑक्झिन जास्त तर मुळं. आजही बाटलीतलं बहुतेक काम या एका गोष्टीवर चालतं.

आधी विचारा: टिश्यू कल्चर खरंच हवं आहे का?

बी वाळवून थंडीत ठेवता येत असेल तर पहिलं काम बी गोळा करण्याचं. ज्यांचं बी वाळवलेलं सहन करतं अशा जातींचं बी सुमारे ५ टक्के ओलाव्यापर्यंत उतरवून उणे १८ ते उणे २० अंश सेल्सियसला ठेवलं तर ते कित्येक दशकं टिकू शकतं. खर्च कमी, आणि प्रत्येक बी म्हणजे एक वेगळा जीव. इतकी विविधता बाटल्यांच्या कुठल्याही कपाटात मावत नाही.

बियांचं जमत नसेल तर छाट कलम लावून पाहा. तेही जमत नसेल तेव्हा टिश्यू कल्चरकडे वळा. बी वाळलं की मरतं, बी धरतच नाही, रानात मोजकीच झाडं उरली आहेत आणि त्यांच्या फांद्या कलमासाठी तोडणं परवडणारं नाही, ऑर्किडसारखं धुळीएवढं बी आहे, नर आणि मादी झाडं वेगळी असून एखादंच झाड हाती आहे, अशा वेळी हे तंत्र खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सायमोनँथस बँक्रॉफ्टिआय या झुडपाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. ही जात नष्ट झाली असंच मानलं जात होतं. मग एक नर झाड सापडलं आणि एक मादी झाड. पर्थच्या किंग्ज पार्क उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी दोन्हींची रोपं बाटलीत वाढवली आणि ती पुन्हा मोकळ्या जमिनीवर लावली. एवढ्या अरुंद वाटेवर दुसरं कुठलं तंत्र पुरं पडलं असतं असं वाटत नाही.

आणखी एक प्रश्न आधीच विचारायचा: ही वनस्पती कमी का होते आहे? चराईमुळे, खाणीमुळे, आक्रमक तणामुळे, की तिचा परागवाहक कीटकच नाहीसा झाल्यामुळे? कारण तसंच राहिलं तर बाटलीतून आलेलं रोपही त्याच कारणाने मरेल. म्हणून जागेचं काम करणारी माणसं पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

परवानगी, ओळख आणि वंशाची नोंद

संरक्षित जातीचं एक पान तोडायलाही बहुतेक देशांत लेखी परवानगी लागते. ती वन खात्याची असेल किंवा जमिनीच्या मालकाची. मिळाल्याशिवाय कात्री काढू नका. नमुना किंवा रोप सीमेपलीकडे जाणार असेल तर साइट्स करार (धोक्यातल्या जातींच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) लागू होतो का ते पाहा. या करारात ऑर्किडचं संपूर्ण कुळ येतं, त्यातल्या काही जाती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात. बंद निर्जंतुक बाटलीतल्या रोपांना काही बाबतींत सूट आहे, पण पहिल्या परिशिष्टातल्या जातींना ती मिळते ती रोपं कृत्रिमरीत्या वाढवलेल्या झाडांपासून आलेली असतील तरच.

वनस्पतीची ओळख त्या गटाच्या जाणकाराकडून पक्की करून घ्या आणि शक्य असेल तर फुलासह एक हर्बेरियम नमुना, म्हणजे दाबून वाळवलेला नमुना, जमा करा. चुकीच्या जातीवर दोन वर्षं खर्च होण्यापेक्षा हा एक दिवस स्वस्त.

मग येते वंशनोंद. वंश म्हणजे इथे एका मूळ झाडापासून आलेली सगळी रोपं. माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे ही वही. ज्या ज्या झाडापासून नमुना घ्याल त्या प्रत्येक झाडाला स्वतंत्र क्रमांक द्या. जागा, उंची, माती, आसपासच्या वनस्पती, तारीख, फोटो हे सगळं त्या क्रमांकापुढे लिहा. पुढे त्या झाडापासून झालेल्या प्रत्येक बाटलीवर, प्रत्येक कुंडीवर आणि शेवटी रानात लावलेल्या प्रत्येक रोपाच्या पट्टीवर तोच क्रमांक गेला पाहिजे. क्रमांक हरवलेलं रोप दिसायला कितीही सुंदर असलं तरी संवर्धनासाठी निम्मं निकामी. बाटलीवर स्पिरिटने न पुसला जाणारा मार्कर वापरा. लॅमिनार फ्लोमध्ये, म्हणजे गाळलेल्या हवेच्या कामाच्या पेटीत, सतत स्पिरिटचा बोळा फिरत असतो, आणि साध्या पेनाची अक्षरं त्यात केव्हा जातात ते कळतही नाही.

नेमकी जागा मात्र जाहीर करू नका. दुर्मीळ वनस्पती उपटून विकणारे लोक हीच माहिती शोधत असतात.

नमुना किती आणि कसा घ्यायचा

संवर्धनात वापरला जाणारा जुना ठोकताळा असा की एका समूहातल्या ५० च्या आसपास, एकमेकांशी नातं नसलेल्या झाडांचे नमुने घेतले तर त्या समूहात सर्रास आढळणारी जवळजवळ सगळी जनुकरूपं हाती येतात. दुर्मीळ जातीत ५० झाडं मिळणं कठीण. मग जेवढी आहेत तेवढ्या सगळ्यांचे नमुने घ्या. बारा असतील तर बारा. सर्वांत टवटवीत, हाताला येणाऱ्या दोन झाडांवर थांबायचा मोह होतो, तो टाळा. खडकाच्या कपारीतलं खुरटं झाडही आपल्यासोबत काही वेगळं घेऊन जगत असतं.

जमिनीखालून धुमारे काढून पसरणाऱ्या जातीत शेजारशेजारची दहा रोपं प्रत्यक्षात एकच जीव असू शकतात. अशा वेळी अंतर राखून नमुने घ्या.

टिश्यू कल्चरसाठी सर्वांत भरवशाचा भाग म्हणजे पेर, म्हणजे पानाच्या बगलेत झोपलेला डोळा असलेला खोडाचा लहान तुकडा. त्याखालोखाल शेंडा. या दोन्हींत कोंब आधीच घडलेला असतो, आपण त्याला फक्त जागं करतो. पानाच्या तुकड्यापासून कॅलस करून त्यातून रोपं काढता येतात, पण कॅलसमध्ये वाढताना पेशींत बदल होतात. लार्किन आणि स्कोक्रॉफ्ट यांनी १९८१ साली या बदलांना सोमाक्लोनल व्हेरिएशन असं नाव दिलं. नवं वाण शोधणाऱ्याला ते हवेहवेसे वाटतील. मूळ जात जशी आहे तशी राखायची असणाऱ्याने कॅलसच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. थोडंफार बी मिळत असेल तर ते बाटलीत रुजवून त्या रोपांचे पेर वापरणं सर्वांत उत्तम. बी निर्जंतुक करणं सोपं, आणि प्रत्येक बियाबरोबर नवा वंश मिळतो. रानातून बी घेताना त्या दिवशी तयार असलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, हा बीजपेढ्यांचा नियम इथेही पाळा.

नमुना घेण्याची वेळ म्हणजे नवी फूट आल्यानंतरचे दिवस, कोरडी हवा, सकाळ. पावसानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यावर बुरशी फार असते. प्रत्येक झाडाचे चार ते सहा पेर पुरतात. कात्री प्रत्येक झाडानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा, नाहीतर एका झाडाचा रोग दुसऱ्याला आपणच देऊ. तुकडे ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत, पिशवी थंड डब्यात, आणि बर्फाचा थेट स्पर्श नको. शक्यतो २४ तासांत प्रयोगशाळेत पोचा.

दुर्मीळ जातीला हात लावण्याआधी तिच्याच कुळातल्या एखाद्या विपुल जातीवर सगळी पद्धत बसवून घ्या. ब्लीच किती तीव्र, किती मिनिटं, कुठलं माध्यम, हे प्रश्न तिथेच सोडवायचे. दुर्मीळ झाडाचे सहा पेर प्रयोगासाठी नसतात.

माध्यम तयार करणं

माध्यम म्हणजे क्षार, जीवनसत्त्वं, साखर, संप्रेरकं आणि हे सगळं थिजवणारा अगर. सर्वांत परिचित माध्यम मुराशिगे आणि स्कूग यांचं, म्हणजे एमएस. १९६२ साली त्यांनी ते तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलं. त्यात नत्र आणि इतर क्षार भरपूर असतात, आणि हलक्या जमिनीत, खडकावर वाढणाऱ्या अनेक रानटी जातींना ते सोसत नाही. पानांच्या कडा करपतात, वाढ थांबते. म्हणून नव्या जातीसाठी सुरुवात अर्ध्या तीव्रतेच्या एमएसने करावी असं मी सुचवेन. झाडं आणि झुडपं यांच्यासाठी लॉइड आणि मॅकाउन यांचं वुडी प्लांट मीडियम शेजारी ठेवून पाहा.

एक लिटर माध्यमासाठी तयार एमएस पावडर पूर्ण तीव्रतेला साधारण ४.४ ग्रॅम लागते, अर्ध्या तीव्रतेला त्याच्या निम्मी. साखर २० ते ३० ग्रॅम. बाटलीतलं रोप पुरेसं प्रकाशसंश्लेषण करत नाही, त्यामुळे साखर त्याचं मुख्य अन्न असते. डिस्टिल्ड पाणी वापरा. सगळं विरघळलं की पीएच ५.६ ते ५.८ वर आणा आणि मगच ६ ते ८ ग्रॅम अगर घाला. पीएच फार खाली गेला तर अगर थिजत नाही.

संप्रेरकांचं वजन मिलिग्रॅममध्ये असल्याने दर वेळी तोलत बसू नका, साठ्याचं द्रावण करून ठेवा. १०० मिलिग्रॅम बीएपी (हे एक सायटोकायनिन) सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाच्या काही थेंबांत विरघळवा आणि डिस्टिल्ड पाण्याने १०० मिलिलिटर करा. आता प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम आहे. माध्यमात लिटरला ०.५ मिलिग्रॅम हवं असेल तर अर्धा मिलिलिटर घातला की झालं. पहिल्या चाचणीत चार पातळ्या ठेवा: शून्य, ०.२, ०.५ आणि १ मिलिग्रॅम. शून्य कधीही वगळू नका. कित्येक जाती संप्रेरकाशिवायही हळूहळू, पण निरोगी वाढतात, आणि संवर्धनात घाई नसते.

बाटल्या भरून १२१ अंश सेल्सियसला १५ ते २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. एकाच बाटलीत लिटरभर माध्यम असेल तर जास्त वेळ लागतो. छोट्या प्रमाणावर प्रेशर कुकरही हे काम चोख करतो. आयएए (हे एक ऑक्झिन), जिबरेलिक आम्ल यांसारखी उष्णतेने बिघडणारी संप्रेरकं ऑटोक्लेव्हनंतर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून घालायची. तयार बाटल्या लगेच वापरू नका. चार-पाच दिवस कपाटात ठेवा. निर्जंतुकीकरणात कसर राहिली असेल तर ती रोप घालण्याआधीच दिसेल.

निर्जंतुकीकरण: इथेच बहुतेक जण थकतात

रानातला पेर म्हणजे बुरशी आणि जिवाणू यांचं वसतिस्थान. माध्यमातली साखर त्यांनाही तितकीच आवडते. पेर जिवंत राहील आणि बाकी सगळं मरेल, अशी अरुंद जागा शोधायची असते.

सुरुवात साध्या पाण्याने. तुकड्यांची पानं काढून टाका, वाहत्या नळाखाली अर्धा ते एक तास ठेवा. मग सौम्य साबणाच्या थेंबभर पाण्यात हलवून धुवा. इथपर्यंतचं काम उघड्यावर. यापुढचं लॅमिनार फ्लोमध्ये. हे यंत्र हेपा गाळणीतून गाळलेली हवा सतत अंगावर सोडतं. काम सुरू करण्याआधी ते १५ ते २० मिनिटं चालू ठेवा. यंत्र नसेल तर पारदर्शक पेटीला हातांसाठी दोन भोकं पाडून केलेली बंद हवेची पेटीही शिकण्यापुरती पुरते.

आत आल्यावर ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट. मग ब्लीच. बाजारात मिळणाऱ्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट साधारण ५ टक्के असतं. एक भाग ब्लीच आणि चार भाग निर्जंतुक पाणी घेतलं की १ टक्का होतं. त्यात ट्वीन २० या साबणासारख्या द्रव्याचा थेंब टाका, म्हणजे द्रावण लव आणि खाचांमध्ये शिरेल. १० ते १५ मिनिटं हलवत राहा. मग निर्जंतुक पाण्याने तीन वेळा धुवा. दोन्ही टोकं ब्लीचने पांढरी पडलेली असतात, ती कापून टाका, आणि पेर डोळा वर ठेवून माध्यमात उभा खोचा. एका नळीत एकच पेर. सहा पेर एका बाटलीत घातले आणि एकावर बुरशी आली तर सहाही जातात.

अनेक जुन्या पद्धतींत मर्क्युरिक क्लोराइड सांगितलेलं आढळेल. ते प्रभावी आहे हे खरं, पण ते पाऱ्याचं विष आहे, त्याची विल्हेवाट लावणं अवघड आहे, आणि नवख्या माणसाने ते हातात घेऊ नये. ब्लीच आम्लात किंवा अमोनियात कधी मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि अल्कोहोलचं भांडं ज्योतीपासून लांब ठेवा. चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर धरायचा आणि तो गरम असतानाच परत भांड्यात बुडवायचा, या सवयीने टिश्यू कल्चरच्या खोल्यांत आगी लागतात.

बुरशी तीन ते सात दिवसांत कापसासारखी दिसते. जिवाणू माध्यमावर चकचकीत किंवा दुधी डागासारखे दिसतात. वनस्पतीच्या आत राहणारे काही जिवाणू मात्र आठवड्यांनंतर, दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरला, म्हणजे रोप नव्या माध्यमात हलवताना, बुडाशी धुरकट वलय होऊन वर येतात. बिघडलेली बाटली उघडू नका. आधी ऑटोक्लेव्ह, मग उघडायची. दूषित होणं थांबत नसेल तर ब्लीच वाढवत जाण्यापेक्षा मूळ झाडाकडे वळा: कलम करून किंवा कुंडीत आणून ते काही आठवडे आडोशाला ठेवा, पाणी फक्त बुडाशी द्या, पानं कोरडी ठेवा. त्यावर आलेली नवी फूट पुष्कळ स्वच्छ असते.

काही जातींचे तुकडे कापल्याबरोबर तपकिरी रस सोडतात, माध्यम काळं पडतं आणि पेर मरतो. ही फिनॉल द्रव्यं. पहिले काही दिवस बाटली अंधारात ठेवणं, एक-दोन दिवसांनी पेर नव्या माध्यमात हलवणं, लिटरला १ ते २ ग्रॅम सक्रिय कोळसा घालणं, यांपैकी काहीतरी लागू पडतं. कोळसा संप्रेरकंही शोषून घेतो, हे लक्षात ठेवून पुढचा हिशेब करा.

बाटलीतली वाढ आणि वंशांचा समतोल

बाटल्या साधारण २५ अंशांना, १६ तास प्रकाश आणि ८ तास अंधारात ठेवतात. उंच डोंगरावरच्या जातींना त्याहून गारवा लागतो. साधे पांढरे एलईडी चालतात. चार ते सहा आठवड्यांत डोळा फुटून कोंब वाढतो, मग त्याचे पेर कापून नव्या माध्यमात लावायचे. हे सबकल्चर.

इथे व्यापारी सवय सर्वांत जास्त नुकसान करते. समजा दोन झाडांचे वंश तुम्ही एकाच दिवशी सुरू केलेत. पहिला दर सबकल्चरला तिप्पट होतो, दुसरा दुप्पट. हाती येईल ते सगळं लावत गेलात तर दहा सबकल्चरनंतर पहिल्याची ५९,०४९ रोपं होतात आणि दुसऱ्याची १,०२४. कागदावर साठ हजार रोपं, प्रत्यक्षात जवळजवळ सगळी एकाच झाडाची. अशी लागवड रानात गेली आणि ती जात स्वतःच्या परागाने फळ न धरणारी असली तर फुलं येतील, बी येणार नाही. म्हणून प्रत्येक वंशाच्या बाटल्यांची कमाल संख्या आधीच ठरवा. भराभर वाढणाऱ्याला थांबवा, हळू वाढणाऱ्यासाठी वेगळं माध्यम शोधा. रडतखडत वाढणाऱ्या वंशावर घालवलेला वेळ वाया गेला असं कधीही समजू नका. संवर्धनाची प्रयोगशाळा नेमकी त्याच्यासाठी असते.

सबकल्चरची संख्याही मर्यादित ठेवा, आणि कॅलस दिसला की कापून टाका. शक्य असेल तेव्हा एखाद्या विद्यापीठाच्या मदतीने बाटलीतल्या रोपांची मूळ झाडाशी डीएनए चिन्हकांवरून तुलना करून घ्या.

पानं काचेसारखी, पाणीदार, ठिसूळ दिसू लागली तर त्याला हायपरहायड्रिसिटी म्हणतात. सायटोकायनिन कमी करा, अगर थोडा वाढवा, हवा खेळेल असं झाकण वापरा. अशी रोपं बाहेर काढली तर जगत नाहीत. आधी सुधारू द्या.

मुळं

दोन-तीन सेंटीमीटरचे कोंब अर्ध्या किंवा पाव तीव्रतेच्या माध्यमात, आयबीए हे ऑक्झिन लिटरला ०.५ ते १ मिलिग्रॅम घालून ठेवले की अनेक जातींना तीन-चार आठवड्यांत मुळं फुटतात. काहींना आयबीए लागतही नाही. बाटलीत मुळं येत नसतील तर कोंबाचं टोक आयबीएच्या द्रावणात बुडवून थेट ओलसर कोकोपीटमध्ये लावून पाहा. मातीत फुटलेली मुळं अगरमध्ये फुटलेल्या मुळांपेक्षा बरेचदा कणखर असतात.

बाटलीतून बाहेर: हार्डनिंग, म्हणजे बाहेरच्या हवेची सवय

सर्वांत जास्त रोपं मरतात ती इथे. बाटलीत हवा जवळजवळ पूर्ण दमट असते. त्यामुळे पानांवरचा मेणाचा थर नीट बनत नाही आणि पर्णरंध्रांना बंद व्हायची सवय नसते. असं रोप उघड्या हवेत ठेवलं तर तासाभरातही मान टाकतं, मग त्याला कितीही पाणी घाला.

बाहेर काढण्याआधी आठवडाभर झाकण थोडं सैल करा. मग रोप कोमट पाण्यात धुऊन मुळांवरचा अगर पूर्ण काढा. उरलेल्या साखरेवर बुरशी वाढते. निचरा होणाऱ्या, निर्जंतुक मिश्रणात लावा: कोकोपीट आणि पर्लाइट, किंवा खडकाळ जागेतल्या जातीसाठी बारीक खडीचं प्रमाण जास्त. वर पारदर्शक झाकण. पहिला आठवडा दमटपणा ९० टक्क्यांच्या आसपास, मंद उजेड. दुसऱ्या आठवड्यापासून झाकण रोज थोडा वेळ उघडायचं आणि तो वेळ वाढवत न्यायचा. तीन ते पाच आठवड्यांत झाकण निघालं पाहिजे. नवी पानं आली की जीव भांड्यात पडतो, कारण ती बाहेरच्या हवेत घडलेली असतात. खत त्यानंतरच, तेही अगदी सौम्य.

सगळी रोपं एकाच दिवशी बाहेर काढू नका. प्रत्येक वंशाचा काही भाग बाटलीत राखून ठेवा. पंखा बंद पडला, पाणी चुकलं, तर तो वंश संपता कामा नये.

ऑर्किडसाठी वेगळी वाट

ऑर्किडच्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. रानात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीनेच रुजतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी १८९९ साली हे नातं ओळखलं. १९२२ साली लुईस नडसन यांनी दाखवलं की माध्यमात साखर दिली तर बुरशीशिवायही बी रुजतं. ऑर्किडचा व्यापार त्यावर उभा राहिला. पण रान परत भरायचं असेल, विशेषतः जमिनीत वाढणाऱ्या जातींचं, तर बुरशीसह रुजवणं अधिक चांगलं. मोठ्या झाडाच्या मुळातून ती बुरशी वेगळी करायची, ओटच्या पिठाच्या पातळ माध्यमावर वाढवायची आणि त्याच ताटलीत बी पेरायचं. असं रोप आपला सोबती घेऊनच मातीत उतरतं. बुरशी त्याच परिसरातली असावी, दुसऱ्या प्रदेशातून आणलेली नको.

दीर्घ साठवण

दर महिन्याला सबकल्चर करत राहणं खर्चाचं, आणि प्रत्येक हाताळणीत लेबल चुकण्याची, जंतू शिरण्याची शक्यता. म्हणून वाढ मंद करतात: तापमान कमी, उजेड कमी, माध्यम अर्धं. समशीतोष्ण प्रदेशातल्या जाती ४ ते १० अंशांना ठेवता येतात, उष्ण प्रदेशातल्या बहुधा १५ अंशांच्या खाली टिकत नाहीत. त्यातून सबकल्चर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करून भागतं. त्यापुढची पायरी म्हणजे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये शेंडे गोठवून ठेवणं. ते नवख्याने एकट्याने करायचं काम नाही. ज्या संस्थेत ती सोय आहे तिला प्रत्येक वंशाच्या बाटल्या द्या. गोठवण्याची सोय नसली तरी संग्रहाची एक पूर्ण प्रत दुसऱ्या ठिकाणी हवीच. हवाई बेटांवरची लायन आर्बोरेटमची प्रयोगशाळा तिथल्या दुर्मीळ वनस्पती कित्येक वर्षं बाटल्यांत सांभाळते आहे. तिच्यासारख्या ठिकाणी रोजचं मुख्य काम म्हणजे शिस्तीत नोंद आणि शिस्तीत सबकल्चर.

रानात परत

लागवड ही प्रयोगशाळेच्या माणसाने एकट्याने ठरवायची गोष्ट नाही. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली पुनर्स्थापनेची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली आहेत. जागा निवडण्याआधी ती वाचा. ज्या समूहातून वंश आला त्याच समूहाच्या जवळपास रोपं लावा. दूरच्या दोन समूहांची सरमिसळ जाणकाराच्या सल्ल्याशिवाय करू नका. प्रत्येक वंशाची संख्या शक्य तितकी सारखी ठेवा आणि वंश आळीपाळीने लावा, म्हणजे परागवाहक कीटक एका फुलावरून दुसऱ्या वंशाच्या फुलावर जाईल.

रोपवाटिकेतली माती रानात नेताना फार सावध राहा. फायटोफ्थोरासारखे मुळं कुजवणारे रोग कुंड्यांमधून रानात शिरले की त्यांना बाहेर काढता येत नाही. कुंड्या जमिनीवर टेकवू नका, मांडणीवर ठेवा, आणि मूळ तपकिरी, मऊ दिसणारं एकही रोप गाडीत चढवू नका.

लावणी पहिल्या पावसाच्या सुमारास, म्हणजे मुळं धरायला पूर्ण ओला हंगाम मिळतो. पहिल्या कोरड्या हंगामात गरज पडली तर पाणी द्या. मग मोजणी: किती जगली, कुठल्या वंशाची जगली, किती फुलली, किती फळं धरली, आणि त्या फळांच्या बियांतून आपोआप किती नवी रोपं उगवली. हा शेवटचा आकडा वहीत येईपर्यंत, मग त्याला पाच वर्षं लागोत की पंधरा, बाटल्यांतला संग्रह मोडू नका.